वाद जिंकण्यापासून वाद मिटवण्यापर्यंत
(विधी महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण)

वकील आपल्या अशिलाची बाजू लढवतो. मध्यस्थाला दोन्ही बाजूंची गरज ओळखावी लागते. कायद्याचा अभ्यास दोघांच्याही उपयोगी पडतो, पण प्रश्न बदलतो. ‘बरोबर कोण?’ याऐवजी ‘कोणाला नेमके काय हवे आहे?’ असे विचारावे लागते. अमेरिकी कायदेपंडित रॉजर फिशर (१९२२–२०१२) यांचे आयुष्य हा बदल दाखवते.

दुसऱ्या महायुद्धात फिशर हवाई दलात हवामान-टेहळणीवर होते. त्या युद्धाने त्यांचे अनेक मित्र हिरावून नेले. १९४८ मध्ये हार्वर्डची कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये युरोपच्या पुनर्उभारणीसाठीच्या मार्शल योजनेचे काम केले, पुढे वॉशिंग्टनमध्ये वकिली केली आणि सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजूही मांडली. १९५८ मध्ये ते अध्यापक म्हणून हार्वर्डला परतले आणि राष्ट्रांमधील तंटे हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

१९८१ मध्ये विल्यम युरी यांच्यासह लिहिलेल्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकात त्यांनी मागणी आणि हित यांत फरक केला. बांधाच्या भांडणात दोघे शेतकरी एकाच हातभर जमिनीवर हक्क सांगतात. ही झाली मागणी. एकाला गाडीवाट हवी असते, दुसऱ्याला पाण्याचा पाट. हे झाले हित. मागण्या एकमेकींवर आदळतात, हितांचा मात्र मेळ बसू शकतो. १९७८ च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत हेच दिसले. इजिप्तला सिनाईवरचे सार्वभौमत्व हवे होते, इस्रायलला सुरक्षितता. त्यामुळे प्रदेश इजिप्तला परत मिळाला आणि त्याच्या मोठ्या भागात सैन्य ठेवण्यावर बंधने आली. तेथे अमेरिकी मध्यस्थांनी एकच मसुदा दोन्ही पक्षांच्या आक्षेपांनुसार पुन्हा पुन्हा सुधारला. फिशर हीच पद्धत सांगत असत.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतले. इक्वेडोर आणि पेरू यांच्यात सीमेवरून १९४१ आणि १९९५ मध्ये युद्धे झाली होती. १९९८ मध्ये इक्वेडोरचे अध्यक्ष झालेले जमील माहुआद हे हार्वर्डमध्ये फिशर यांचे विद्यार्थी होते. दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी हस्तांदोलनाचे छायाचित्र काढण्यापेक्षा शेजारी बसून एकच नकाशा पाहतानाचे काढावे, असे फिशर यांनी माहुआद यांना सुचवले. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्राझिलियात करार झाला. तिविन्सा या रणभूमीवरील एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोरला खासगी मालकी म्हणून मिळाली; तिच्यावरील सार्वभौमत्व पेरूकडेच राहिले. मालकी आणि सार्वभौमत्व वेगळे करणे ही कायद्याचीच विद्या होती.

तेव्हा मध्यस्थीच्या क्षेत्रात येणारा वकील कायदा मागे टाकत नाही. पुरावा तपासणे, शब्द तोलणे, मसुदा घडवणे ही कौशल्ये तशीच राहतात. भर पडते ती विरुद्ध बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल इतक्या नेमकेपणाने मांडण्याच्या सवयीची. ही सवय अभिरूप न्यायालयातही लावता येते: एकाच खटल्यात आधी वादीची आणि मग प्रतिवादीची बाजू तितक्याच तळमळीने मांडून.