चैत्रांतील बाग आणि हातांतील अवजारें



वसंत ऋतु म्हटला म्हणजे कवींना कोकिळेची आठवण होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत मात्र फाल्गुनांतला पळस विझतो न विझतो तोंच चैत्राचें ऊन अंगणांत येऊन उभें राहतें. विलायतेंतील माळी वसंतांत बी पेरतो. आपणांस मृगाची वाट पाहावी लागते. म्हणून आपला वसंत हा असलेलीं झाडें जगविण्याचा व पुढील पेरणीची सिद्धता करण्याचा काळ होय. या कामीं चांगलीं अवजारें हातीं असलीं म्हणजे केवढें समाधान होतें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम आपली माती पाहूं. आपली काळी जमीन भिजली कीं फुगते व खुरप्यास चिकटते. वाळली कीं आक्रसून भेगाळते व दगडासारखी होते. या दोहोंमधला जो वाफसा, तोच कामाचा मुहूर्त. एकदां मीं बाजारांतून रंगविलेलें, चकचकीत असें एक खुरपें आणलें. पहिल्याच घावास पातें वांकलें, दुसऱ्यास तें मुठींतून निसटलें आणि मोगऱ्याचें मूळ तुटलें. पैसे वांचले ते माझे. त्यांची भरपाई मोगऱ्यास करावी लागली.

पुढें आठवडी बाजारांतील एका लोहाराकडून खुरपें घडवून घेतलें. त्यानें पातें तापवून ठोकलें व धारेस पाणी दिलें. तापलेलें पोलाद एकदम थंड केलें म्हणजे कठीण होतें, पण फार कठीण झालें तर तडकतें. म्हणून पुन्हा बेताची आंच देऊन तो ताठरपणा उतरवावा लागतो. मूठ बाभळीची किंवा धावड्याची असावी. हीं लांकडें चिवट असून घावाचा हिसका सोसतात. पात्याचें शेपूट मुठींत खोल गेलेलें आहे व तिच्या तोंडाशीं लोखंडी कडें बसविलें आहे, एवढें पाहून मगच पैसे द्यावे.

नव्या अवजारांविषयीं आपल्याकडे संशयहि कमी नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते, ही समजूत आडवी आली. तरीहि नांगर टिकला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. शेवटीं अवजाराची साक्ष त्याचें कामच देतें.

परंतु चैत्रांतील खरा प्रश्न पाण्याचा. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह या धरणांचें पाणी यवतमाळ शहरास अपुरें पडलें आणि घरोघरीं तांब्यातांब्याचा हिशेब सुरू झाला. “माणसांना पाणी नाहीं, तेथें झाडांना कोठून घालतां?” असें आमच्या घरांतील वडील मंडळींनीं विचारलें, आणि तें योग्यच होतें. आईनें मात्र एक जुना, झिलई नसलेला माठ लिंबाच्या झाडापासून हातभर अंतरावर मानेपर्यंत पुरला. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी फडक्यानें गाळून ती त्यांत ओतीत असे आणि वर झांकणी ठेवीत असे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें. माती कोरडी असेल तर अधिक, ओली असेल तर कमी. वरची जमीन कोरडीच राहत असल्यानें वाफ होऊन फारसें पाणी उडत नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या चिनी कृषिग्रंथांतहि या युक्तीचें वर्णन आहे. त्या वर्षीं आमच्या तीन कुंड्या वाळल्या. लिंबू मात्र वांचलें.

तेव्हां यंदा पाडव्याच्या खरेदींत एक चांगलें खुरपें, बारीक छिद्रांची झारी, फांदी न चिरडतां कापणारी कात्री व एक साधा माठ एवढें घेतलें तरी पुरे. काम संपलें कीं माती पुसावी, पात्यावर तेलाचा बोळा फिरवावा व अवजार कोरड्या जागीं टांगावें. दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करतोंच. वर्षभर त्यांची अशी निगा राखली, तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर वाफसा येईल त्या दिवशीं तीं आपली वाट पाहत असतील.