विखुरलेल्या नोंदी, एक घर



हीरक महोत्सवासारखे कार्य उभे राहते तेव्हा निमंत्रितांची यादी एकाच्या वहीत, देणग्यांचा हिशेब दुसऱ्याच्या संगणकात आणि बैठकीतील निर्णय तिसऱ्याच्या मोबाईलवर असतात. माणसे एकदिलाने राबतात. नोंदी मात्र विखुरलेल्या राहतात.

हा प्रश्न जुना आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी ९० मिनिटांच्या प्रात्यक्षिकात, दूर बसलेले दोघे संगणकाद्वारे एकाच मजकुरावर काम करू शकतात, हे दाखविले. ‘नोशन’ हे आजचे साधन त्याच विचाराच्या वाटेवरचे. त्याची पहिली घडण जमली नाही, तेव्हा इव्हान झाओ आणि सायमन लास्ट यांनी क्योटोत राहून ते नव्याने रचले. टिपणे, तक्ते, दिनदर्शिका तेथे एकत्र नांदतात. प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत लिहिता येते. कोणी केवळ वाचावे, कोणी दुरुस्ती करावी, हेही ठरविता येते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला याचे मोल अधिक. बदली होते, कुटुंब परगावी जाते आणि कार्यकर्त्याबरोबर पत्ते, संपर्क, अनुभवही निघून जातात. सामायिक नोंद असेल तर पुढच्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही.

मात्र साधन शिस्त लावत नाही. नोंद माणसानेच करावयाची असते. तिची प्रत अन्यत्र जपावी आणि किल्ली एकाच हाती नसावी. संस्था टिकते ती अशा सामायिक स्मृतीवर.