पायांना झेपेल तो कॅमेरा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं आयुष्य बँकेच्या टेबलामागे गेलं. व्यासपीठावर उभं राहायची सवय नाही. पण सचिवांनी सांगितलं, ‘काका, तुमची डोंगरभटकंती आणि फोटो यावर बोला, आणि कॅमेरा कोणता घ्यावा तेही सांगा.’ हा दुसरा प्रश्न मला लिफ्टमध्ये, गेटवर, एकदा तर वार्षिक सर्वसाधारण सभेत, सिंकिंग फंडाचा विषय चालू असतानासुद्धा विचारला गेला आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. मी उलट विचारतो, ‘चालणार कुठवर आहेस?’

लोकांना वाटतं, म्हातारा टाळतोय. तसं नाही. घरातल्या लग्नाचे फोटो काढायचे असतील तर दुकानदार सांगेल तो कॅमेरा घ्या. डोंगरात न्यायचा कॅमेरा मात्र पाय निवडतात, डोळे नंतर. जो कॅमेरा गाडीच्या डिकीत राहतो, तो कितीही भारी असला तरी त्यातून एकही फोटो येत नाही.

या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. इथे डोंगर आणि कॅमेरा यांची गाठ फार जुनी आहे. मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे गिल आणि पारो आपल्याला ठाऊक आहेत. पण हाच गिल पुढे फोटोही काढू लागला, हे कमी जणांना माहीत असतं. १८६४ मध्ये लंडनला त्याच्या १०० फोटोंचं पुस्तक निघालं. विषय काय, तर पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्ग. त्या काळी फोटो काचेवर घेत. प्रचलित पद्धतीत काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे अंधारात धुवायचा. म्हणजे तंबू, काचा, बाटल्या, पाणी, सगळं बरोबर. गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या मोठ्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. फोटोंचं पुस्तक राहिलं. हे लक्षात ठेवा, शेवटी मला याच मुद्द्यावर यायचं आहे.

गिलकडे ओझी वाहायला माणसं असतील. आपल्याकडे आपले दोन खांदे आणि माझ्या वयाला दोन कुरकुरणारे गुडघे. म्हणून मी आधी वजनाचं अंदाजपत्रक करतो. जुनी सवय! माझी मर्यादा पाठीवर ५ किलो. मराठवाड्याच्या उन्हात माणशी २ लिटर पाणी हवंच, ते झालं २ किलो. डबा, टॉर्च, औषधं, टोपी, पातळ जाकीट यांचे दीड किलो. शिल्लक उरली दीड किलो. माझ्या कॅमेऱ्याचं सगळं बिऱ्हाड, म्हणजे लेन्स, जादा बॅटरी आणि पिशवीसकट, या दीड किलोत बसलं पाहिजे. तरुणांनी मर्यादा वाढवावी, पण हिशोब मांडावा. पाणी कमी करून लेन्स नेणं म्हणजे मुद्दल मोडून व्याज भरणं.

या हिशोबात काय बसतं ते बघू. पक्ष्यांसाठी लोक १५० ते ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स घेतात. ती एकटीच सुमारे २ किलो भरते. म्हणजे आमचं खातं उघडण्याआधीच बंद! लेन्स न बदलणारे, लांब झूमचे कॅमेरे साधारण ६०० ग्रॅमपासून सव्वा-दीड किलोपर्यंत मिळतात. लहान मिररलेस कॅमेरा आणि दोन हलक्या लेन्सा मिळून किलोभरात बसतात. आणि मोबाइल तर खिशात असतोच.

आता कोणता का घ्यायचा? त्यासाठी आत काय असतं ते समजून घ्यावं लागेल. कॅमेऱ्यात फोटो उमटतो तो सेन्सरवर. सेन्सर म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं भांडं समजा. पाऊस तोच, पण परातीत जास्त पाणी जमा होतं आणि वाटीत कमी. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. लांब झूमच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ काढलं तर ३० पटींचा फरक. भर उन्हात दोन्हींचे फोटो मोबाइलच्या पडद्यावर सारखे दिसतील. झाडांच्या सावलीत, पहाटे किंवा संध्याकाळी मात्र वाटीचा फोटो दाणेदार, खरबरीत येतो. मग परातच का घेऊ नये? कारण परातीला लागणारी लेन्सही तेवढीच मोठी आणि जड. पुन्हा गाडी गुडघ्यांवर आली.

दुसरा गैरसमज झूमचा. खोक्यावर ‘५० एक्स’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, पक्षी ५० पट जवळ येणार. तो फक्त भागाकार आहे. लेन्सचं लांब टोक भागिले आखूड टोक. २४ पासून १२०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स ५० एक्स. आणि १०० पासून ४०० पर्यंत जाणारी फक्त ४ एक्स, पण ती २४ ते ९६ वाल्या ४ एक्सपेक्षा कितीतरी लांबचं दाखवते. म्हणून एक्स विचारू नका, लांब टोक किती मिलिमीटरचं ते विचारा.

आता आपल्या आसपासच्या चार जागा घेऊन सांगतो, म्हणजे निवड सोपी जाईल.

अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलात, तर वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा आणि कड्यात ओळीनं कोरलेली लेणी समोर असतात. इथे लांब झूमचा उपयोग कमी, रुंद दिसायला हवं. चांगला मोबाइल पुरतो. लेन्स तेवढी रुमालाने पुसा. निम्मे फोटो बोटांच्या तेलाने धुरकट येतात.

सप्टेंबरमधलं म्हैसमाळ. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असलेलं पठार, गिरिजादेवीचं देऊळ, आणि पावसाने हिरवा झालेला माळ. सोनकी, तेरडा आणि नखाएवढी असंख्य रानफुलं. इथे जवळून टिपणारा कॅमेरा हवा. मोबाइल किंवा लहान कॅमेरा चालतो, पण गुडघे टेकून बसता आलं पाहिजे. मी सोबत पोत्याचा तुकडा नेतो. बसताना मात्र आधी खाली बघा. एका फुलाच्या फोटोपायी दहा फुलं चिरडायची, हा काही नफ्याचा व्यवहार नाही.

तिसरी जागा पैठणचा नाथसागर. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकादंब, करकोचे येतात. पक्षी लांब, पाण्यात. आणि उजेड भरपूर. लांब झूमचा कॅमेरा इथेच शोभतो. पण सकाळी लवकर जायचं. दुपारी पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. त्यावर लाखाच्या कॅमेऱ्यातही औषध नाही.

चौथी जागा गौताळा. तेही १९८६ चंच अभयारण्य, क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. कन्नडच्या शाखेत असताना मी सुट्टीच्या दिवशी त्या बाजूला फिरायचो. तेव्हा माझ्याकडे आग्फाचा साधा डबी कॅमेरा होता, एका रोलमध्ये १२ फोटो. तिथले पक्षी झाडीत, सावलीत. उजेड कमी. इथे थोडा मोठा सेन्सर आणि लेन्सचं तोंड थोडं रुंद असलेला कॅमेरा लागतो. चारही जागी जायचं असेल तर माझ्या मते मधला मार्ग बरा: हलका मिररलेस, एक साधी लेन्स आणि ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी एक लांब लेन्स. लेन्स बदलायची कटकट नको असेल तर लांब झूमचा कॅमेरा. यात कमीपणा काही नाही.

आमच्या वयाच्या मंडळींसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. पहिली, डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेलाच कॅमेरा घ्या. आपल्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. त्या खिडकीशेजारी एक लहानशी चकती असते, ती फिरवून चष्म्याच्या नंबराप्रमाणे स्पष्ट करून घेता येतं. दुसरी, चालायच्या काही काठ्यांना मूठ उघडली की आत स्क्रू असतो, त्यावर कॅमेरा बसतो. काठीची काठी आणि आधाराचा आधार. तिसरी, दुकानात कॅमेरा गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभे राहा. मान काय म्हणते ते ऐका. आणि पैसे मोजकेच असतील तर आधी चांगले बूट घ्या, मग कॅमेरा. घसरणारा माणूस फोटो काढत नाही.

पावसाळ्यात एक करा. कॅमेरा कपाटात कोंबू नका, लेन्सवर बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. उन्हाळ्यात उलटं, माळावर वारा सुटलेला असताना लेन्स बदलू नका. ती धूळ नेमकी सेन्सरवर जाऊन बसते.

आता या दोन छंदांचं आपसातलं भांडण. चालणाऱ्याला पुढे जायचं असतं, फोटोवाल्याला थांबायचं असतं. गोगाबाबा टेकडीवर सकाळी चढणाऱ्यांबरोबर गेलात आणि दर दहा पावलांवर थांबलात, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. यावर तोडगा सोपा. चढताना चालायचं आणि नुसतं बघून ठेवायचं. ठरलेल्या दोन-तीन जागीच कॅमेरा बाहेर. निवांत फोटो काढायचे असतील त्या दिवशी वेगळं, जवळचं ठिकाण धरायचं. हिमायतबागेतली जुनी झाडंही पुरतात.

काही नियम मात्र मोडायचे नाहीत. चालताना कॅमेऱ्यात बघायचं नाही आणि कॅमेऱ्यात बघताना चालायचं नाही, विशेषतः मागे तर नाहीच. आपल्याकडच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, आरडाओरडा, अत्तराचा फवारा काही नको; मोहोळ दिसलं की मुकाट्याने परत फिरायचं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊनच जायचं. एकट्याने जायचं नाही, आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये ‘कुठे, किती वाजेपर्यंत’ हे लिहून निघायचं. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो काढायचे नाहीत. आपण जवळ उभे राहिलो की आई-बाप घास घेऊन लांब ताटकळतात आणि पिल्लं उपाशी राहतात. पक्षी उडतानाचा फोटो हवा म्हणून त्याला उडवायचं नाही. दूरवरून थकून आलेला तो पाहुणा आहे. पाहुण्याला ताटावरून उठवणारी आपली रीत नव्हे.

शेवटचा मुद्दा. गिलच्या बाबतीत म्हटलं होतं, चित्रं जळाली, फोटो राहिले. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरून मोकळा माळ दिसायचा. पावसाळ्यात टिटव्या रात्रभर ओरडायच्या आणि आपण वैतागायचो. आज तिथे इमारती आहेत. त्या माळाचा फोटो आपल्यापैकी किती जणांकडे आहे? मुलांचे वाढदिवस, गृहप्रवेश, सत्यनारायण यांचे अल्बम घरोघर आहेत. माळाचा नाही, कारण तो कायम राहणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रोज समोर असतं त्याची नोंद कुणी ठेवत नाही. आम्ही बँकवाले म्हणायचो, नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही. उद्या कुणी म्हणेल, इथे टिटव्या नव्हत्याच, तर आपण काय दाखवणार?

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात एक सुचवतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्थेतल्या इच्छुकांनी एकत्र एका ठिकाणी जायचं. कॅमेरा असो, मोबाइल असो. प्रत्येकाने फक्त एक फोटो संस्थेच्या संगणकात ठेवायचा, खाली तारीख, जागा आणि ओळखता आलं तर नाव लिहायचं. नावासाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आणि सालिम अलींचं पुस्तक आपल्या वाचनालयात घ्यावं. आजोबांनी नावं सांगावीत, नातवंडांनी कॅमेरा उचलावा. गच्चीवरूनही दरवर्षी एकाच तारखेला, त्याच कोपऱ्यातून एक फोटो घ्यावा. त्याला महागडं काही लागत नाही, सातत्य लागतं.

संस्थेचा सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा माझ्यासारखे बरेच जण इथे नसतील. पण आज सतरंजीवर बसलेली ही मुलं खुर्च्यांवर असतील. त्यांच्या हातात २५ वर्षांची ती खतावणी असावी, इतकंच मागणं.

आणि हो, कॅमेरा विकत घेण्याआधी येत्या रविवारी माझ्याबरोबर गोगाबाबाला या. माझा कॅमेरा गळ्यात घालून वर चढून बघा. वर पोचल्यावर तुमची मान आणि गुडघेच तुम्हाला सांगतील, कोणता घ्यायचा. सकाळी साडेपाचला गेटवर. पाणी आपापलं आणावं.