तक्रार मुलांविषयी नव्हे, एकटेपणाविषयी



'मुले वाढविणे फार कठीण झाले आहे,' हा उद्गार आज घरोघरी ऐकू येतो. त्यावर ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते : 'आम्ही चार-चार वाढविली, कधी कुरकुर केली नाही.' वाद तेथे संपतो. प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

ती चार मुले एकट्या आईने वाढविली नव्हती. आजी बाळाला न्हाऊ-माखू घालीत असे, काका पाढे म्हणवून घेत, आणि चाळीतील शेजारीण आपल्या मुलांच्या पंगतीतच शेजारच्या पोराचेही ताट मांडीत असे. सदनिकेच्या बंद दाराआड हे हात नाहीसे झाले. काम तेवढेच राहिले.

तेही सारखे वाटले गेलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. त्यासाठी स्त्री दिवसाची सुमारे १४० मिनिटे देते, पुरुष ७४.

म्हणूनच अशा मातापित्यांना वात्सल्यशून्य ठरविणे अन्यायाचे आहे. आपल्या लेकरावर जीव ओवाळून टाकणारी आईच रात्री थकून 'आता पुरे' म्हणते. ती मदतीची हाक असते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने ती ऐकली पाहिजे. शेजाऱ्याने दार ठोठावून 'दोन तास बाळ आमच्याकडे राहू द्या' म्हणावे; आणि पित्याने, आपण पत्नीला मदत करतो असे न समजता, हे काम आपलेच मानावे.