पैलतडीला गेलेली चाल

हडपसर हे वाटा फुटण्याचे ठिकाण आहे. आषाढीच्या वारीत पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या इथपर्यंत एका रस्त्याने येतात. पुढे ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. वाखरीला त्यांची पुन्हा भेट होते, हे आपण जाणताच. गाण्यांच्या बाबतीत मात्र अशी भेट ठरलेली नसते. चाल एका वाटेने जाते, ती बांधणाऱ्याचे नाव दुसऱ्या वाटेला लागते, आणि वाखरी काही येत नाही. अशाच एका चालीची हकिगत आज सांगायची आहे.

ही चाल तुमच्या कानावरून नक्की गेलेली आहे. वरात निघाली, बँडवाल्यांनी ‘बॉबी’ चित्रपटातले ‘ना मांगूँ सोना चाँदी’ धरले, की कडेला उभे असलेले पाहुणेसुद्धा पाय हलवू लागतात. राज कपूर यांचा हा चित्रपट १९७३ सालचा. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. चाल कुणाची, असे विचारले तर बहुतेक जण याच जोडीचे नाव सांगतील. एखादा जाणकार म्हणेल, “अहो, ती तर गोव्याची लोकधून!” पहिले उत्तर अपुरे आहे. आणि दुसरे? तेही पुरते खरे नाही बरं का.

मूळ गाणे कोंकणी आहे. ‘हांव सायबा पलतडी वेतां’ हे त्याचे नाव. ‘पलतड’ म्हणजे आपली पैलतड, नदीचा पलीकडचा काठ. देवळात नाचगाण्याची सेवा करणारी एक कलावंतीण नदीकाठी येते. दामूच्या लग्नाला तिला पलीकडे जायचे असते. नावाड्याला ती विनवते, अंगावरचा एकेक दागिना काढून ‘घे’ म्हणते. तो ‘नको’ म्हणतो. या प्रकारच्या गाण्याला आणि नाचाला देखणी म्हणतात. चालीचे वळण आपल्याकडचे, ठेका युरोपीय आणि साथीला मातीचे घुमट, असा तिचा थाट.

असा संकर जगात इतरत्रही झालेला आहे. बोहेमियातून निघालेली पोल्का एकोणिसाव्या शतकात युरोपभर नाचली गेली, समुद्रापलीकडे टेक्सासात पोहोचली आणि तिथल्या मेक्सिकन वस्तीने अ‍ॅकॉर्डियनवर ती अशी काही आपलीशी केली, की पुढे ध्वनिमुद्रिकांवर तीच त्यांची ओळख ठरली. गोव्यात पाद्रींच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तिथेही परका ठेका असाच घरचा झाला.

आता या गाण्याचा जन्मदाखला पाहा. लोकगीताला सहसा असा दाखला नसतो, याला आहे. कर्ता कार्लुस एउजेनियु फेर्रैरा, जन्म १८६०, मृत्यू १९३२. त्याची ही रचना १८९५ साली पॅरिसमध्ये छापली गेली आणि १९२६ साली गोव्यात तिपोग्राफिया रांगेल या छापखान्याने ती प्रसिद्ध केली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२ साली कलकत्त्याला. म्हणजे आपल्या देशात तबकडीवर पहिला सूर उमटण्याच्या सात वर्षे आधी ही चाल कागदावर कर्त्याच्या नावानिशी उतरलेली होती.

मग नाव हरवले कसे? कारण साधे आहे. छापील स्वरलिपी वाचणारे थोडे आणि गाणे ऐकून उचलणारे पुष्कळ. कागदावर कर्त्याचे नाव होते, तोंडी गाण्यात ते राहिले नाही. घरच्या समारंभात, शाळेच्या संमेलनात, रंगमंचावर देखणी नाचली गेली आणि हळूहळू ती सगळ्यांची झाली. त्यानंतर आला चित्रपट. मुंबईच्या चित्रसंगीतात स्वरलिपी लिहिणारे आणि वाद्ये वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे होते. प्यारेलाल स्वतः व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशी. तेव्हा ही चाल मुंबईला परकी नव्हतीच.

चित्रपटात येताना एक मौजेचा पालट झाला. कोंकणीत ती दागिने देऊ करते आणि नावाडी नाकारतो. हिंदीत सोने-चांदी नकोच, असे प्रेमिकच म्हणतो. सोने दोन्हीकडे आहे, नकारही दोन्हीकडे आहे. फक्त नकार देणारा बदलला. नदी, नावाडी आणि दामूचे लग्न मात्र मागच्या काठावरच राहिले. एक ‘घे’ तेवढा हिंदी गाण्यातही टिकला. मराठी कानाला तो लगेच कळतो, हिंदी कानाला तो नुसता ठेका वाटतो.

तुम्ही म्हणाल, गाणे लोकांच्या तोंडी गेले, यापेक्षा कवीला मोठा मान कुठला? नाव हवे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातच त्याचे उत्तर सापडते. १९०२ साली गौहर जान यांनी गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात; गाणारी कोण, हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही योजना. सोय व्यवहाराची होती, पण तिच्यामुळे ते नाव सुराबरोबर कायमचे टिकले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. फेर्रैराचे नाव निदान कागदावर तरी आहे. ज्या कलावंतिणीच्या तोंडी त्याने हे गाणे घातले, तिचे काय? तिचा नाच, तिचे दागिने, तिची विनवणी हे सारे त्याने घेतले. देखणीत तिची भूमिका करीत आल्या त्या ख्रिस्ती घरांतल्या मुली. आपण फेर्रैराचे देणे लागतो, तसे फेर्रैराही तिचे देणे लागतो. हे दुसरे देणे फारसे कुणी बोलून दाखवीत नाही.

ते फेडले तिच्याच समाजातल्या गायिकांनी. फोंडे महालातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर याच कलावंत समाजातल्या. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात धाडली. त्यांतल्या सोनेरी तबकडीवर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवीही आहे, ‘जात कहाँ हो’. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर पडले. नावाड्याने जिला नाही म्हटले, तिच्या वंशातला एक आवाज इतक्या दूरच्या पैलतडीला पोहोचला, आणि तो स्वतःच्या नावानिशी.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. हडपसरात त्या नावाचा एक बसथांबाही आहे. गाणे लावण्यापूर्वी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगायची, ही नभोवाणीची जुनी शिस्त. ऐकणाऱ्याला वाटते, हे आपले नेहमीचेच, केव्हा एकदा गाणे लागते! पण त्या पाच-दहा सेकंदांत कुणाचे तरी देणे चुकते होत असते.

ही शिस्त आपणही पाळू शकतो, त्याला फार काही लागत नाही. मुलांच्या संमेलनात कधी देखणी बसवली, तर कार्यक्रमपत्रिकेवर ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळे होऊ नका. तिथे फेर्रैराचे नाव घाला, आणि नाचणाऱ्या मुलींना ती कलावंतीण कोण होती, हेही सांगा. वरातीत बँडवाला ही चाल वाजवील, तेव्हा नाव कोण सांगणार? तिथे खुशाल नाचा. फक्त शेजारच्याने “चाल कुणाची हो?” असे विचारले, तर आता तुम्हाला उत्तर ठाऊक आहे.