हॉजकिनचा रोग आणि किरणोपचाराचें माप



मानेंत किंवा काखेंत गांठ येते, दुखत नाहीं, आणि म्हणूनच दुर्लक्षिली जाते. लंडनच्या गाय्ज इस्पितळांतील डॉक्टर टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं अशा गांठींचें वर्णन प्रसिद्ध केलें. रसग्रंथींच्या या कर्करोगास पुढें त्यांचेंच नांव पडलें. तो पुष्कळदां ऐन तारुण्यांत गांठतो, आणि बहुधा पुरता बरा होतो. पेंच येथेंच आहे. बरा झालेला तरुण पुढें चाळीस-पन्नास वर्षें जगावयाचा. आणि छातीवर घेतलेले किरण पंधरा-वीस वर्षांनीं हृदयविकाराच्या किंवा दुसऱ्या कर्करोगाच्या रूपानें आपली वसुली करूं शकतात.

मग ते सर्वांसच द्यावे काय? येथें पेट स्कॅन साह्यास येतो. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर रोग्याच्या शिरेंत टोचतात. रोगपेशी साखरेच्या अधाशी. जेथें रोग जिवंत, तेथें चित्रांत उजळ ठिपका दिसतो. औषधांनंतर नुसता निर्जीव वण उरला असेल, तर तो सहसा उजळत नाहीं. या उजळपणास एक ते पांच गुण देतात, आणि कमी गुणांचा तो उत्तीर्ण! आम्हां मास्तरांस हा हिशेब उलटाच वाटावयाचा.

ब्रिटनमध्यें रॅपिड नांवाच्या कसोटींत रोगाच्या आरंभींच्या अवस्थेंतील ६०२ रोगी घेतले. औषधांच्या तीन फेऱ्यांनंतर ज्यांचा स्कॅन निर्मळ निघाला, अशा ४२० जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एकास किरण दिले, दुसऱ्यास नाहीं. २०१५ सालीं निकाल आला: तीन वर्षें रोग न उलटतां राहिलेले पहिल्या गटांत शेंकडा ९४.६, दुसऱ्यांत ९०.८. जर्मनांच्या एच-डी १६ या कसोटींत औषधांचे फेरे दोनच होते. तेथें पांच वर्षांचे आंकडे ९३.४ व ८६.१ असे निघाले. जिवंत राहण्यांत मात्र दोन्हीं ठिकाणीं लक्षणीय अंतर पडलें नाहीं. कारण उलटलेल्या रोगावरहि पुन्हां इलाज असतात. ते कठोर असतात, हें विसरूं नये.

म्हणजे निर्मळ चित्र हें रोग संपल्याचें प्रमाणपत्र नव्हे. अगदीं सूक्ष्म अवशेष त्यांत दिसत नाहींत. उलटपक्षीं, किंचित् वाढलेल्या रोगाच्या एच-डी १७ या कसोटींत आधीं अधिक तीव्र औषधें दिलीं होतीं. तिच्या २०२१ च्या निकालांत सर्वांस किरण दिलेल्या गटाचा आंकडा ९७.३, तर स्कॅन पाहून किरण देणाऱ्या गटाचा ९५.१ होता. तेव्हां एकट्या स्कॅनवर निर्णय ठरत नाहीं. वीस वर्षांची मुलगी, रोग छातींत, किरणांच्या वाटेवर स्तन व हृदय. आणि साठीचा गृहस्थ, गांठ केवळ मानेंत: दोघांचे आंकडे एकच असले तरी सौदा एक नव्हे. डॉक्टरांस विचारावें तें हेंच, कीं माझ्या बाबतींत किरण कोठून जाणार, आणि ते टाळल्यास रोग उलटण्याचा धोका कितीनें वाढणार.