परलोकाची आशा आणि इहलोकींचें आचरण

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत चारठाणा येथें झालेलें व्याख्यान)



दर रविवारीं पवित्र मिस्साच्या वेळीं आपण उभे राहून श्रद्धांगीकार म्हणतों, आणि त्याच्या अगदीं शेवटीं मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगांतील जीवनाची आपण वाट पाहत आहों असें कबूल करितों. वाक्य संपतें न संपतें तोंच आपलें चित्त घराकडे, पिकाकडे, बाजाराकडे धांवूं लागतें. एवढी मोठी गोष्ट कबूल करणाऱ्या माणसाचा सोमवार, ती कबूल न करणाऱ्याच्या सोमवाराहून कोणत्या बाबतींत निराळा असतो? हा विषय मजकडे सोंपविण्यांत आला तेव्हांपासून हाच एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे.

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. जिंतूर तालुक्यांतील हें आपलें चारठाणा गांव पाहा. येथें एके काळीं ३६० देवळें होतीं अशी लोकांत आख्यायिका आहे. संख्या खरी असो वा नसो, जुनीं दगडी देवळें, तो उंच स्तंभ आणि पायरीपायरीनें पाण्यापर्यंत उतरत जाणारी बारव हीं आजही डोळ्यांसमोर उभीं आहेत. तीं बांधविणाऱ्यांचीं नांवें आपल्या तोंडीं नाहींत. परंतु अशा वास्तु लोक कशासाठीं बांधवीत, हें मध्ययुगीन शिलालेख व दानपत्रें वाचणारास ठाऊक आहे. देऊळ, तळें, विहीर हीं बहुधा स्वतःच्या व मातापित्यांच्या पुण्यासाठीं बांधलीं जात. दान दिल्याच्या शिळेवर चंद्रसूर्य कोरीत. अर्थ असा कीं, हे दोघे आकाशांत आहेत तोंवर हें दान चालावें. जो तें हिरावून घेईल तो ६०,००० वर्षें विष्ठेंतील किडा होऊन राहील, असा शापही दानलेखांत वारंवार येतो. कांहीं शिळांवर तर गाढव कोरून अशी शिवी दिलेली आहे कीं, ती ह्या व्यासपीठावरून सांगतां येणार नाहीं. त्या शिळेस गधेगळ म्हणतात.

त्या काळीं गांवोगांव चौकी-कचेरी नव्हती. म्हणून धर्मादायाच्या जमिनीचा राखणदार म्हणून परलोकाचें भय उभें केलें होतें. आपण ह्यास हंसूं; पण क्षणभर विचार करा. ज्यानें बारव बांधविली त्यानें स्वतः तिचें पाणी फार तर दहावीस वर्षें प्यालें असेल. कित्येक शतकांनंतर तिच्या पायऱ्या उतरून कोण येईल, हें त्यास ठाऊक नव्हतें. ज्यांचीं तोंडें आपण कधींच पाहणार नाहीं अशा लोकांसाठीं खर्च करणें, हें परलोकावर दृष्टि असली म्हणजे सोपें जातें. ह्याची साक्ष दगडांनीं दिली आहे.

परंतु त्याच दगडांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुण्याची जमाखर्चाची वही एकदां उघडली कीं, तींत नांव दात्याचें चढतें, पाथरवटाचें नाहीं. आणि ज्या पाण्यानें पुण्य जोडावयाचें त्या पाण्यास हात लावण्याची मुभा आपल्या देशांत सर्वांस नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजीं आपल्या अनुयायांसह चालत जावें लागलें, आणि त्यापायीं मारही सोसावा लागला. तळीं होतीं, पुण्य होतें, आणि तान्हेला मनुष्य कांठावर उभा होता! वर, हें तुझ्या पूर्वजन्मींच्या कर्माचें फळ, अशी त्याची समजूतही घातली जात होती. दुसऱ्याचें दुःख आपणांस सोयीचें वाटावें म्हणून परलोकाचा सिद्धांत पुढें केला गेला, म्हणजे तो फार निर्दय होतो.

आपण ख्रिस्ती लोकांनीं मात्र ह्यावर बोट दाखवून समाधान मानूं नये. गरिबास "तुला स्वर्गांत मिळेल" असें सांगून दारांतून परत लावणारे आपल्यांतही होऊन गेले. कार्ल मार्क्सनें १८४४ सालीं धर्मास अफूची उपमा दिली, तेव्हां त्याच्यासमोर मुख्यतः ख्रिस्ती युरोपांतला गरीब होता. हा टोमणा आपण निमूटपणें ऐकून घेतला पाहिजे.

गोदाकांठच्या पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. काशीहून कावडीनें आणलेलें गंगेचें पाणी रामेश्वरास वाहावयाचें, तें त्यांनीं वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, असें परंपरा सांगते. वहीच्या हिशेबानें पाहिलें तर साऱ्या यात्रेचें पुण्य बुडालें. नाथांस वाटलें, पाणी पोंचलें. एकीकडे शिळेवर गाढव कोरून शाप देणें, आणि दुसरीकडे वाळूंतल्या गाढवाच्या तोंडांत देवाचें पाणी ओतणें! दोन्ही ठिकाणीं परलोक मानलेला आहेच. भेद आहे तो मनाच्या ठेवणींत.

आपली ख्रिस्ती श्रद्धा ह्या भूमींत आली ती ह्याच भाषेंतून. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण राशोल येथें छापून निघालें. स्वर्गासाठीं वैकुंठ हा शब्द योजण्यास त्या इंग्रज येशूसंघीयास संकोच वाटला नाहीं. शब्द शेजारचा, पण आशय निराळा: जन्मामागून जन्म नाहींत, एकच आयुष्य, आणि त्याचा न्याय. पुनर्जन्म मानणाऱ्यास धीर धरतां येतो, मुक्या प्राण्याविषयीं कणव वाटते. हे गुण आपण त्याच्याकडून घ्यावे. एकच जन्म मानणाऱ्यास मात्र दिरंगाईची सोय उरत नाहीं. भावाशीं बोलणें बंद असेल तर तें ह्याच जन्मीं सुरू केलें पाहिजे. बांधाचा तंटा ह्याच जन्मीं मिटविला पाहिजे.

आणि न्यायाच्या दिवशीं काय विचारलें जाईल? संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत प्रभूनें प्रश्नपत्रिका आधींच फोडून ठेविली आहे. भुकेल्यास अन्न दिलें काय? तान्हेल्यास पाणी दिलें काय? परक्यास आसरा, उघड्यास वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. किती नोवेना केल्या, हा प्रश्न त्या यादींत नाहीं. (नोवेना करूं नयेत असा अर्थ कोणी काढूं नये, फादर येथेंच बसले आहेत.) आणखी एक मौज अशी कीं, उजव्या हाताच्या लोकांस आपण पाणी केव्हां दिलें हें आठवतही नाहीं. ते उलट प्रभूलाच विचारतात, "केव्हां?" पुण्याची वही ठेवणाऱ्यास असा प्रश्न कधींच पडणार नाहीं.

७ डिसेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें आधुनिक जगाविषयींच्या आपल्या दस्तऐवजांत हेंच शेतकऱ्यास कळेल अशा दृष्टांतानें सांगितलें: नव्या पृथ्वीची वाट पाहणाऱ्यानें ह्या पृथ्वीची मशागत ढिली पडूं देऊं नये, उलट अधिक आस्थेनें करावी. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांस ह्याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. स्वित्झर्लंडांतून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनीं अहमदनगरच्या अवर्षणी मुलखांत आयुष्य वेंचलें तें ह्याच मशागतींत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणावे, बांध घालावे, मोकाट चराई व झाडतोड थांबवावी, आणि गांवानें स्वतः श्रमदान करावें, ही त्यांची रीत. तिच्यांतूनच १९९३ सालीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. २०२१ सालीं ते निवर्तले. बारवेवर दात्याचें नांव कोरतां येतें. डोंगरांत मुरलेलें पाणी कोणाच्या नांवाचें, हें कसें सांगावें?

येथें एक प्रामाणिक शंका उभी राहते. डॉ. नरेंद्र दाभोलकर परलोक मानीत नव्हते. तरी त्यांनीं लोकांस फसवणुकींतून सोडविण्याचें व्रत सोडलें नाहीं, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. स्वर्गाच्या आशेवांचून मनुष्य सदाचारी राहूं शकतो, हें अशा जीवितांपुढें नाकारणें म्हणजे खोटें बोलणें होय. मग आपल्या विश्वासानें अधिक तें काय मिळतें? मला असें वाटतें कीं, ज्याचें आयुष्य फसलें, ज्याचा हिशेब जुळला नाहीं, त्याच्याविषयीं शेवटचा शब्द जगाचा नाहीं, एवढें म्हणण्याचा अधिकार मिळतो.

आणि मराठवाड्यांत ही गोष्ट पुस्तकी नाहीं. नापिकी आणि कर्ज यांनीं खचून आपल्या भागांतील कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतःचा जीव दिला. त्या घरीं आपण कसे वागतों? पहिले चार दिवस जातों. मग कुजबूज सुरू होते. "त्याला स्वर्ग कोठला!" असें म्हणणारी जीभ बहुतेक वेळां देवळांत नित्य जाणाऱ्याची असते, हें सांगतांना मला दुःख होतें. १९१७ च्या धर्मसंहितेनें, मरणापूर्वीं पश्चात्तापाचें चिन्ह न दिसल्यास, बुद्धिपुरस्सर आत्मघात केलेल्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. १९८३ च्या संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांत तर स्पष्ट आहे कीं, तीव्र मनोव्यथा व भीति यांनीं माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाविषयीं निराश होऊं नये. देवाला एकट्यालाच ठाऊक असलेल्या वाटेनें तो त्यांस पश्चात्तापाची संधि देऊं शकतो. आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठीं प्रार्थना करते. जीव देवाचा आहे, तो आपण घेऊं नये, ही शिकवण बदललेली नाहीं. म्हणूनच ज्याच्या मनांत असा अंधार दाटला असेल त्यानें तो लपवूं नये. घरच्या माणसास, फादरांस, डॉक्टरांस आजच सांगावा. त्यांत लाज नाहीं.

फ्रान्समधील आर्स गांवचे धर्मगुरू संत जॉन व्हिआन्नी (१७८६–१८५९) यांच्याविषयीं सांगतात कीं, पुलावरून उडी टाकून मेलेल्या एकाची विधवा त्यांच्याकडे आली. ती कांहीं बोलण्यापूर्वींच ते म्हणाले कीं, तो तरला आहे. पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्यें पश्चात्तापास जागा होती. तेवढ्या अंतरांत देव मावतो, असा त्यांचा विश्वास होता. परलोक मानणारा मनुष्य त्या विधवेकडे ह्याच नजरेनें पाहील.

ज्युबिली हा शब्द आपण मंडपावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत त्याचें मूळ आहे: पन्नासाव्या वर्षीं ज्याची जमीन गेली त्यास ती परत मिळावी, जो बांधला गेला तो मोकळा व्हावा. आपण कोणाचें कर्ज माफ करूं शकत नाहीं. आपणच कर्जांत आहों. पण येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्यावर, धर्मग्रामांतील दोघांचौघांनीं त्या घराकडे वळावें. प्रार्थनेंत त्या मृताचें नांव मोठ्यानें घ्यावें. मग त्या ताईला विचारावें, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली काय, मदतीचा अर्ज कोठें अडला आहे, मुलांची फी भरली काय. तालुक्याच्या कचेरींत एकट्या बाईस चार खेपा घालाव्या लागतात. बरोबर कोणी असेल तर दोन पुरतात. ज्यांस हें काम अंगावर घ्यावयाचें आहे त्यांनीं सभा संपल्यावर आपलीं नांवें फादरांजवळ द्यावीं.